नगेट्सबद्दल लोक बोलतात तेव्हा नेमकं कशाबद्दल बोलतात

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्याचं वय चोवीस. क्लासिक रॉक बऱ्यापैकी ऐकून झालंय, आता साठच्या दशकातल्या अमेरिकन गॅरेज रॉककडे वळायचंय. 'नगेट्स' हा संग्रह घ्यावा म्हणून लोकांची मतं वाचली आणि गोंधळ उडाला. एकजण म्हणतो, असा संग्रह पुन्हा झाला नाही. दुसरा म्हणतो, आवाज पत्र्याच्या डब्यातून येतो. तिसरा म्हणतो, हे गॅरेज रॉकच नव्हे. चौथा म्हणतो, सगळी गाणी एकसारखी. यातलं कुणाचं ऐकायचं?

चौघांचंही खरं असू शकतं, कारण चौघांच्या हातात बहुतेक एकच वस्तू नव्हती. जुन्या रेकॉर्ड धुणं, विकणं, लोकांच्या घरच्या तबकड्या संगणकावर उतरवून देणं, हे काम मी पंचवीसएक वर्षं करतोय. त्यात एक गोष्ट पक्की कळली. संग्रहाबद्दलचं मत वाचताना आधी हे बघायचं की माणूस गाण्यांबद्दल बोलतोय, तबकडीच्या छपाईबद्दल, निवडणाऱ्याबद्दल, की स्वतःच्या सोळाव्या वर्षाबद्दल. एकाच बँडच्या अल्बमच्या बाबतीत ही सरमिसळ कमी होते. संग्रहात मात्र पंचवीस बँड, पंचवीस स्टुडिओ, कुठली टेप सापडली, कुठली नाही, आणि मध्ये एक निवडणारा. कोण कशावर चिडेल सांगता येत नाही.

आधी गॅरेज शब्दाचं पाहू, कारण आपल्याकडे गॅरेज म्हटलं की ग्रीस, टायर आणि 'उद्या या' म्हणणारा मिस्त्री डोळ्यासमोर येतो. इथलं गॅरेज म्हणजे अमेरिकन घराला लागून असलेली गाडी ठेवायची खोली. फेब्रुवारी १९६४ मध्ये बीटल्स एड सलिव्हनच्या टीव्ही कार्यक्रमात दिसले आणि गावोगावच्या शाळकरी पोरांनी गिटारी घेतल्या. तालीम गॅरेजात, कार्यक्रम शाळेच्या नाचाला, आणि बापाने किंवा गावातल्या दुकानदाराने पैसे घातले तर ४५ च्या स्पीडची एक छोटी तबकडी. काहीशे प्रती निघायच्या, गावातल्या रेडिओवर दोन आठवडे वाजायच्या आणि संपायच्या. थोड्यांचं नशीब उघडलं. सॅन होजेच्या काउंट फाइव्हचं 'सायकॉटिक रिअ‍ॅक्शन' १९६६ मध्ये अमेरिकन यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत गेलं. बाकीचे कॉलेजात, नोकरीत नाहीतर व्हिएतनामला गेले.

हे सगळं विस्मरणात जात असताना इलेक्ट्रा कंपनीच्या जॅक होल्झमनने लेनी के या तरुण समीक्षकाला गाणी निवडायला सांगितली. लेनी तेव्हा न्यूयॉर्कच्या ब्लीकर स्ट्रीटवर जुन्या रेकॉर्डच्या दुकानात काम करायचा. पुढे गायिका पॅटी स्मिथचा गिटारवादक म्हणून लोक त्याला ओळखू लागले. १९७२ मध्ये 'नगेट्स' निघाला. दोन एलपी, चार बाजू, सत्तावीस गाणी. तेव्हा फार खपला नाही. १९७६ मध्ये सायर कंपनीने पुन्हा काढला. १९९८ मध्ये ऱ्हायनोने त्याचा चार सीडींचा डबा केला: मूळ सत्तावीस गाणी पहिल्या सीडीवर आणि आणखी एक्क्याण्णव गाणी उरलेल्या तीन सीडींवर, एकूण ११८.

पहिला घोळ इथेच होतो. विक्रीच्या पानांवर १९७२ ची एलपी, नंतरच्या छपाया आणि ११८ गाण्यांचा डबा यांची मतं बऱ्याचदा एकाच नावाखाली गोळा झालेली असतात. 'सगळी गाणी एकसारखी' म्हणणारा माणूस बहुधा डबावाला असतो. त्याने रविवारी सकाळी पहिली सीडी लावली आणि जेवणापर्यंत चारही संपवल्या. अडीच-तीन मिनिटांची, तीन कॉर्डवर बेतलेली, फझ (म्हणजे मुद्दाम फाटक्या आवाजाची) गिटार आणि ऑर्गनची ११८ गाणी सलग ऐकल्यावर मलाही ती एकसारखीच वाटतील. लग्नाच्या पंगतीत सलग अकरा जिलब्या खाल्ल्यावर जिलबीबद्दल जे मत होतं, तेच हे. मूळ एलपीची एक बाजू साधारण वीस मिनिटांची. सहा-सात गाणी झाली की उठायचं, तबकडी उलटायची, चहा ठेवायचा. निवड त्या मापाने केलेली आहे. इलेक्ट्रिक प्रून्सच्या त्या थरथरत्या गिटारने सुरुवात होते, आणि पुढे डिलनसारखा गाणारा माउस, बीटल्सची इतकी हुबेहूब नक्कल करणारे निकरबॉकर्स की पहिल्यांदा ऐकणारा फसतोच, मग मध्येच एखादं गुळगुळीत पॉप. ही चढउतार डब्याच्या दुसऱ्या सीडीपासून पातळ होत जाते. गाणी वाईट नाहीत. पण ती ज्ञानकोशासारखी मांडलीत, आणि ज्ञानकोश कुणी पहिल्या पानापासून वाचत नाही.

'हे गॅरेज नव्हेच' म्हणणाऱ्यांकडे वळू. यांचा अभ्यास चांगला असतो, त्यामुळे त्यांना उडवून लावू नका. ते म्हणतात, सॅजिटेरियसचं 'माय वर्ल्ड फेल डाउन' घ्या: लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत निगुतीने बांधलेलं गाणं, आणि मुख्य आवाज ग्लेन कॅम्पबेल या कसलेल्या व्यावसायिक गायकाचा. यात गॅरेज कुठे आलं? चॉकलेट वॉचबँडच्या 'लेट्स टॉक अबाउट गर्ल्स'मध्ये तर बँडच्या गायकाचा आवाजच नाही, निर्मात्याने ते दुसऱ्याकडून गाऊन घेतलं. स्टँडेल्सचं 'डर्टी वॉटर' बॉस्टनबद्दल आहे, पण बँड लॉस एंजेलिसचा आणि गाणं लिहिलं निर्माता एड कॉबने. (बॉस्टनकरांना त्याचं काही वाटत नाही. तिथला बेसबॉल संघ रेड सॉक्स घरच्या मैदानावर जिंकला की १९९७ पासून तेच वाजतं.) हे सगळे मुद्दे बरोबर आहेत. पण कव्हरवर लेनी केने 'गॅरेज' असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. त्याने लिहिलं होतं 'पहिलं सायकेडेलिक युग, १९६५ ते १९६८', आणि आतल्या टिपणांत या पोरांच्या संगीताला 'पंक रॉक' म्हटलं होतं. गॅरेज रॉक हे लेबल नंतर रुळलं. जे वचन दिलंच नव्हतं ते मोडलं म्हणून गुण कापण्यासारखं आहे हे. तरी अशा श्रोत्याचं मत जपून ठेवा, कारण तुम्हाला खरोखरच कच्चा माल हवा असेल तर पुढचा रस्ता तोच दाखवेल.

आता आवाज. इथे थोडं सविस्तर सांगतो, कारण ऐंशी टक्के भांडणं आवाजावरून होतात आणि त्यातली निम्मी बिनकामाची असतात. (ऐंशी हा आकडा माझ्या काउंटरवरचा अंदाज आहे, कुणी मोजलेला नाही.)

तबकडीवर आवाज म्हणजे खाच. आवाज मोठा आणि खर्ज जास्त असेल तर खाच जास्त हेलकावे घेते आणि जास्त जागा खाते. एलपीच्या एका बाजूवर अठरा-वीस मिनिटं असतील तर खाचेला ऐसपैस जागा मिळते. त्याच बाजूवर दहा-बारा गाणी कोंबली, तर आवाज दाबावा लागतो, खर्ज कापावा लागतो, कधी गाणंच मध्ये छाटावं लागतं. सत्तरच्या दशकात के-टेलसारख्या कंपन्या टीव्हीवर जाहिरात करून 'वीस सुपरहिट गाणी एकाच तबकडीवर' असे संग्रह विकायच्या. त्यांचा आवाज बारीक असतो तो यामुळे. कुणी अशा संग्रहाबद्दल 'पत्र्याचा डबा' म्हणाला तर डोळे मिटून विश्वास ठेवा.

पण गॅरेजच्या ४५ वाल्या तबकडीचं उलटं होतं. ती मुळातच मोनो (दोन्ही कानांत एकच आवाज), एका गाण्याची, ज्यूकबॉक्समध्ये आणि मोटारीच्या रेडिओवर शेजारच्या गाण्यापेक्षा मोठी वाजावी म्हणून कापलेली. गिटार फाटलेला येतो तो बिघाड नव्हे, ते मुद्दाम केलेलं असतं, निदान पोरांना ते आवडलेलं असतं. टॅकोमाच्या सॉनिक्सचं 'द विच' ऐका. यंत्राचा काटा लाल रेघेपलीकडे गेला तरी कुणी त्यांना थांबवलं नाही, आणि थांबवलं नाही म्हणूनच आज ते ऐकलं जातं.

म्हणून आवाजाची तक्रार वाचताना तीन गोष्टी शोधा. पहिली, मोनो की स्टिरिओ. साठच्या दशकात कंपन्यांनी मोनो गाण्यांना खोटा स्टिरिओ चढवला: एका कानात खर्ज, दुसऱ्या कानात चिरका भाग, वर थोडा घुमारा. कॅपिटलने त्याला ड्युओफोनिक असं भारदस्त नाव दिलं होतं. 'गाणं दोन्ही कानांत वेगवेगळं पोकळ वाजतं' असं कुणी लिहिलं असेल तर तो माणूस कान असलेला आहे. दुसरी, गाणं टेपवरून घेतलंय की तबकडीवरून. छोट्या कंपन्यांच्या टेप कधीच हरवल्या किंवा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, त्यामुळे उरलेल्या तबकडीवर सुई ठेवूनच पुढची प्रत निघते. खरखर राहणारच. तिसरी, ती खरखर काढायला कुणी किती हात चालवला.

या तिसऱ्याबद्दल माझं पाप कबूल करतो. सुरुवातीच्या वर्षांत एका गृहस्थांनी पंधरा-वीस छोट्या तबकड्या सीडीवर उतरवायला दिल्या. नवीन सॉफ्टवेअर आणलं होतं, हौस होती. खरखर काढायची पट्टी इतकी ओढली की मागे नुसती शांतता उरली. गृहस्थ खूश, मीही खूश. दोन वर्षांनी तीच फाइल हेडफोनवर ऐकली. ड्रमची झांज 'छिस्स' ऐवजी ओल्या वर्तमानपत्रावर थाप मारल्यासारखी वाजत होती, आणि गाणाऱ्याच्या 'स'चा 'फ' झाला होता. खरखरीबरोबर हवा गेली होती. मी त्यांना फोन करून सगळ्या तबकड्या परत मागवल्या आणि फुकट पुन्हा उतरवून दिल्या. त्यांना पहिलीच प्रत जास्त आवडली, तो भाग वेगळा. तेव्हापासून 'आवाज अगदी स्वच्छ, नव्यासारखा' अशी जुन्या गाण्याची स्तुती वाचली की मी सावध होतो.

आणखी एक सापळा सांगतो, तो क्लासिक रॉकच्या स्वस्त संग्रहांत जास्त असतो: पुन्हा गायलेली गाणी. कव्हरवर मोठ्या अक्षरांत 'मूळ कलाकार' लिहितात, आणि ते खोटंही नसतं. कलाकार तोच, फक्त ध्वनिमुद्रण वीस-पंचवीस वर्षांनंतरचं. मी स्वतः एकदा परदेशी छापाच्या पन्नास सीडी घाऊक घेतल्या आणि तोंडघशी पडलो. बारीक टाइपातली ओळ घरी आल्यावर दिसली. ओळखायचं कसं? ड्रमवर लक्ष ठेवा. साठच्या दशकातला ड्रम खोलीतला वाटतो, मागच्या भिंतीसह. ऐंशी-नव्वदच्या दशकातला ड्रम मोठा, कापून ठेवल्यासारखा, भिंत नसलेला. आणि गायकाचा गळा भरलेला असतो. एकोणीस वर्षांच्या पोराची चिरकी घाई पन्नाशीत येत नाही. याचं नामांकित उदाहरण म्हणजे मिशिगनच्या क्वेश्चन मार्क अँड द मिस्टेरियन्सचं '९६ टिअर्स', १९६६ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेलं. त्याचं मूळ ध्वनिमुद्रण हक्कांच्या कुलपात अडकलं आणि वर्षानुवर्षं अधिकृत सीडीवर मिळत नव्हतं. ते २००५ मध्ये आलं. दरम्यान १९९७ मध्ये बँडने जुनी गाणी पुन्हा मुद्रित केली. त्यामुळे 'हे गाणं मी लहानपणी ऐकलं तसं वाटत नाही' असं म्हणणारा म्हातारा श्रोता हळवा झालेला नसतो, त्याचे कान ठीक असतात.

'अमुक गाणं नाही' ही तक्रार मात्र मी जवळजवळ वाचतच नाही. कारण बहुतेक वेळा हक्क किंवा तारीख असतं. माझ्या एका गिऱ्हाइकाने ईगल्सचा 'देअर ग्रेटेस्ट हिट्स' परत आणला, त्यात 'हॉटेल कॅलिफोर्निया' नाही म्हणून. आपल्याकडे गिटारच्या क्लासला नाव घातलेल्या प्रत्येकाला ते गाणं म्हणजेच ईगल्स, त्यामुळे त्याचा राग मला कळला. पण संग्रह फेब्रुवारी १९७६ चा, नावातच १९७१ ते १९७५ असं लिहिलेलं, आणि ते गाणं आलं त्या वर्षाच्या डिसेंबरात. ते नसूनही अमेरिकेत या संग्रहाला २०१८ मध्ये खपाचं अडतीसपट प्लॅटिनम प्रमाणपत्र मिळालं. क्रीडन्स या बँडच्या 'क्रॉनिकल' संग्रहाबद्दल अशी तक्रार फारशी येत नाही, कारण तो बँडच सुट्या गाण्यांवर उभा होता. वीस गाण्यांत त्यांची ओळख होते. एका बँडचा संग्रह घ्यायचा तर एवढंच बघा: हे लोक गाणी करायचे की अल्बम? अल्बम करणाऱ्यांचा संग्रह म्हणजे कादंबरीतले निवडक परिच्छेद.

आता नगेट्सच्या पुढचा रस्ता. ग्रेग शॉ नावाच्या माणसाने १९७८ च्या सुमारास 'पेबल्स' ही मालिका सुरू केली. नाव लेनी केला उद्देशून: तुझी सोन्याची ढेकळं, माझे खडे. हिट न झालेली गाणी, थेट तबकडीवरून घेतलेली, हक्कांचा पत्ता नाही, म्हणून कव्हरवर ऑस्ट्रेलियातल्या 'कुकाबुरा' गावचा बनावट पत्ता. पहिल्या खंडाची सुरुवात लिटर या बँडच्या 'अ‍ॅक्शन वुमन'ने होते आणि ती फार जबरी सुरुवात आहे. मग १९८३ पासून टिम वॉरनच्या क्रिप्ट रेकॉर्ड्सची 'बॅक फ्रॉम द ग्रेव्ह'. कव्हरवर थडग्यातून उठलेली भुतं, आत त्याची तिखट टिपणं, आणि निवड अशी की जरा कुठे फुलं, सतार, शांतीचा संदेश दिसला की गाणं बाद. या मालिकेबद्दल कुणी 'आवाज भयानक' असं लिहून एक तारा दिला असेल तर तीच तुमच्यासाठी शिफारस समजा. मला स्वतःला सलग दोन बाजूंपेक्षा जास्त सोसत नाही. ब्रिटिश बाजू हवी असेल तर 'रबल' मालिका आणि २००१ चा 'नगेट्स'चा दुसरा डबा. त्यात आइसलँड, उरुग्वे, ब्राझीलपर्यंतचे बँड आहेत. मुलींचे बँड हवे असतील तर 'गर्ल्स इन द गॅरेज'.

आणि हा सगळा प्रकार आपल्यापासून लांबचा आहे असं समजू नका. १९७० आणि १९७१ मध्ये इंपीरियल टोबॅकोने सिमला सिगारेटच्या नावाने देशभर बँडच्या स्पर्धा घेतल्या आणि त्यातल्या बँडच्या दोन एलपी निघाल्या, 'सिमला बीट ७०' आणि 'सिमला बीट ७१'. मद्रासचे कन्फ्युजन्स, शिलाँगचे फेंटोन्स, बंगलोरचे डायनोसॉर्स, कलकत्त्याचा ग्रेट बेअर. मुंबईतही तेव्हा असे बँड होते. आत्माराम आणि आशा भेंडे यांचा मुलगा नंदू भेंडे वेल्वेट फॉग आणि सॅव्हेजेसमध्ये गात होता. मराठी नाटकाच्या घरातून थेट फझ गिटार. कन्फ्युजन्सचं 'व्हॉइस फ्रॉम द इनर सोल' ऐकलं तर टेक्सास आणि मद्रासमध्ये फार अंतर वाटत नाही. या दोन्ही एलपी पुढे जर्मनीतून एका सीडीवर निघाल्या. मूळ प्रती आता संग्राहकांच्या कपाटात गेल्या. परदेशी श्रोते त्यांना 'अनवट पौर्वात्य' म्हणून गुण देतात आणि मग सतार नाही म्हणून हिरमुसतात. त्यांचंही मत वस्तूबद्दल नसतं, मनातल्या चित्राबद्दल असतं.

एक किस्सा राहिला. नगेट्समध्ये टेक्सासच्या थर्टीन्थ फ्लोअर एलिव्हेटर्सचं 'यू आर गॉना मिस मी' आहे. त्यात पूर्णवेळ मागे एक 'टुकुटुकुटुकु' आवाज येतो, भिंतीआड कबुतरं घुमावीत तसा. माझ्याकडून एलपी नेलेला एक कॉलेजातला मुलगा चौथ्या दिवशी आला: काका, प्रेसिंग खराब आहे, एका गाण्यात काहीतरी अडकतंय. मी तबकडी लावली, दोघांनी ऐकली, आणि त्याला सांगितलं की तो टॉमी हॉल आहे. बँडमध्ये त्याचं वाजवायचं काम एवढंच: मातीच्या सुरईच्या तोंडाशी मायक्रोफोन धरायचा आणि आत घशातून आवाज काढायचा. पोरगा हसला, पुन्हा लावायला सांगितलं, मग तिसऱ्यांदा. दहा मिनिटांपूर्वी दोष वाटलेली गोष्ट ऐकण्यासाठीच तो आता गाणं लावत होता.

तेव्हा तुमच्यासाठी माझा सल्ला असा. १९७२ ची सत्तावीस गाण्यांची निवड त्याच क्रमाने ऐका, एका वेळी एक बाजू. आवाज मोनोसारखा मधोमध येत असेल तर येऊ द्या. बार्बेरियन्सच्या 'मोल्टी'पाशी थोडं थांबा. लहानपणी स्फोटात डावा हात गमावलेला, हाताच्या जागी लोखंडी आकडा लावून ड्रम वाजवणारा मुलगा त्यात स्वतःची गोष्ट सांगतो, आणि मागे वाजवणाऱ्यांत पुढे 'द बँड' म्हणून गाजलेल्यांपैकी काहीजण आहेत. काहींना ते गाणं रडवेलं वाटतं, काहींना थोर. तुम्हाला काय वाटतं त्यावरून पुढे पेबल्सकडे जायचं की रबलकडे, हे मी सांगू शकेन. आणि डबाच मिळाला तर पहिली सीडी बाहेर काढा, उरलेल्या तीन महिनाभर कपाटात राहू द्या.